विंडोज 10 सोडून लिनक्स मिंटवर: सुरुवात जुन्या मराठी फाईलींपासून

विंडोज 10 चे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, ऐन दिवाळीच्या तोंडावर. तेव्हापासून जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत जो तो मला एकच विचारतोय: मशीन धडधाकट आहे, मग टाकून का द्यायचं? टाकून द्यायचं नाही. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाचं काम बघतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, सुट्टीत मी आधी स्वतःचा लॅपटॉप लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टिमवर, नेला आणि मग एकेक करून घरातले, नात्यातले. त्या अनुभवातून हे लिहितोय.

अडचण नेमकी कुठे आहे ते आधी बघू. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर साधारण 2018 च्या पुढचा लागतो. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीचं मशीन कितीही छान चालत असलं तरी अधिकृतरीत्या त्यात बसत नाही. विंडोज 10 वर तसंच राहिलात तर ते बंद पडणार नाही, पण नवी भोकं बुजवायला कोणी येणार नाही. आणि त्याच मशीनवर आपण बँकेचं खातं उघडतो. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव मुदत ठेवली आहे. सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर जाऊन त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. नोंदवा. तयारीला तेवढा वेळ मिळतो.

तयारीवर मी जोर देतोय, कारण सिस्टिम बदलणं हे एका दुपारचं काम आहे. वेळ लागतो तो आपली कामं आणि आपल्या फाईली विंडोजपासून मोकळ्या करायला. ते न करता लोक थेट फॉरमॅट मारतात, आठवड्याने वैतागतात आणि रिपेअरवाल्याकडून पुन्हा क्रॅक केलेलं विंडोज टाकून घेतात.

कोणी बदलू नये

टॅलीवर रोजचं काम असेल तर ते मशीन विंडोजवरच ठेवा. टॅली लिनक्ससाठी बनत नाही. वाइन नावाच्या सोयीतून ते चालवण्याचे प्रयोग लोक करतात, पण जीएसटीचं रिटर्न भरायच्या आदल्या रात्री प्रयोग नकोत. कोरलड्रॉ आणि फोटोशॉपचंही तेच. जकार्डच्या, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या, डिझाइनचं सॉफ्टवेअर डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लावून चालत असेल तर त्या मशीनला हातही लावू नका. सरकारी कॉम्प्युटर टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना परीक्षेत जे समोर येणार तेच घरी हवं. ई-सेवा केंद्रात अंगठ्याचं यंत्र वापरणाऱ्यांनीही आहे तिथेच राहावं. डिजिटल सहीचं टोकन असेल तर त्या टोकनला लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, ते टोकन देणाऱ्याला आधी विचारा.

दुकानात दोन मशीन असतील तर वाट सोपी आहे. माझ्या मावसभावाचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. कोरलचं मशीन विंडोजवरच आहे, फक्त त्याचं इंटरनेट काढून टाकलंय. काउंटरवरचं मशीन, जिथे ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि बिलं होतात, ते लिनक्सवर नेलं. ज्या मशीनवर बाहेरून फाईली येतात ते आधी सुरक्षित व्हायला हवं.

घरचा वापर, मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, एक्सेलसारखे तक्ते, ऑनलाईन बँक, सिनेमे: एवढंच असेल तर बेधडक बदला.

महिनाभर आधी, विंडोजवरच

आज एवढंच करा: विंडोजवर लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी), फायरफॉक्स (ब्राउझर) आणि व्हीएलसी (सिनेमे-गाण्यांसाठी) बसवा. फोटोचं काम असेल तर गिंप, चित्रं-लोगो काढत असाल तर इंकस्केप. हे सगळं फुकट आहे आणि विंडोजवरही चालतं, लिनक्सवरही. महिनाभर हेच वापरायचं, जुनं उघडायचं नाही. कुठे अडतंय ते कळेल, आणि अडलं तर जुनं शेजारीच आहे. माझ्या बायकोचं एक्सेलमधल्या एका मॅक्रोवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचनांवर, अडलं. तो तक्ता तिने साधा करून घेतला. हे फॉरमॅटनंतर कळलं असतं तर घरात वेगळंच ऐकायला मिळालं असतं.

जुन्या मराठी फाईली

या भागावर सावकाश वेळ घाला. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही अडचण येत नाही, म्हणून बाहेरच्या मार्गदर्शकांत ती सापडत नाही.

आपल्याकडे वर्षानुवर्षं मराठी टाइप झालं ते कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख, योगेश अशा फॉन्टांत. त्या फाईलीत मराठी अक्षरं नसतातच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात आणि फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये ‘सोलापूर’ लिहिलं की फाईलीत प्रत्यक्ष साठतं ते एल, के, एस, वाय, के, आय, डब्ल्यू, जे. फॉन्ट आहे तोवर पडद्यावर सोलापूर दिसतं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की ही आठ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मावसभावाच्या काउंटरच्या मशीनवर पहिल्याच दिवशी हे झालं. पत्रिकेच्या मजकुराची फाईल उघडली आणि ‘श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न’ या ओळीच्या जागी अगम्य इंग्रजी. त्याला वाटलं फाईल गेली. फाईल जशीच्या तशी होती, मुखवटा तेवढा गळाला होता.

युनिकोड या आजच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःची जागा आहे. ‘स’ कुठल्याही मशीनवर, कुठल्याही फॉन्टात, मोबाईलवरसुद्धा ‘स’च राहतो आणि शोधला की सापडतो. म्हणून विंडोज सोडण्याआधी जुन्या फाईलींचे तीन ढीग करा.

पहिला ढीग नुसत्या नोंदीसाठी ठेवायच्या फाईलींचा: सोसायटीच्या सभांची जुनी इतिवृत्तं, झालेले करार, छापून झालेली पत्रं. त्या विंडोजवरच उघडून पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे पान कुठेही तसंच दिसतं.

दुसरा ढीग पुन्हा पुन्हा लागणाऱ्या फाईलींचा: अर्जाचे नमुने, वर्गणीदारांच्या याद्या, दरपत्रकं. यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करा. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, मात्र प्रत्येक फॉन्टचा वेगळा. फॉन्टचं नेमकं नाव आधी पाहून घ्या.

तिसऱ्या ढिगात उरलेलं सगळं. त्यासाठी फॉन्टची टीटीएफ फाईल जपून ठेवा, म्हणजे लिनक्सवर तो फॉन्ट बसवून बहुतेक फाईली वाचता येतात. फॉन्ट विकतचा असेल तर त्याचा परवाना दुसऱ्या सिस्टिमवर वापरू देतो का, तेवढं पाहा.

रूपांतर झालं की डोळ्यांनी वाचा. चुका ठरावीक जागी होतात आणि त्याला कारण आहे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. रफाराचं बरोबर उलटं: जुन्या फॉन्टात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टर इथेच घसरतो. ‘कार्यालय’चं ‘कायार्लय’ होतं. ‘चि.’मधली वेलांटी सुटून वेगळीच लोंबते, आणि पत्रिकेत तर वराच्या नावाआधीच ‘चि.’ असतो. ‘आशीर्वाद’, ‘निर्णय’, ‘वर्ष’, ‘दुसऱ्या’, ‘सोयऱ्यांना’ हे शब्द शोधून तपासा. हे ठीक असतील तर बाकीचं सहसा ठीक असतं. आकडे मात्र प्रत्येक यादीत तपासाच, कारण काही फॉन्टांत मराठी आकड्यांच्या जागा वेगळ्या असतात.

बॅकअप, आणि तो उघडून पाहणं

आमच्या मेहुण्यांचं शाळेच्या गणवेशांचं छोटं युनिट आहे. त्यांचं मशीन बदलताना त्यांनीच डेस्कटॉप पेन ड्राईव्हवर घेतला. दोनशेच्या वर फाईली, म्हटलं ठीक आहे. फॉरमॅटनंतर उघडलं तर प्रत्येक फाईल एक-दोन केबीची, चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण. ते नुसते शॉर्टकट होते. मूळ फाईली डी ड्राईव्हवर होत्या आणि मी पूर्ण डिस्क पुसली होती. शाळांच्या मापांचे तक्ते गेले. पुढचा आठवडा ताई वहीवरून मापं पुन्हा टाइप करत बसल्या होत्या. त्यानंतर मी माझ्यासाठी नियम केला: बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय डिस्कला हात लावायचा नाही. दहा-बारा फाईली उघडा, त्यात सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी असूच द्या.

नेहमी राहून जातं ते असं: डाउनलोड फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, आउटलुकचे जुने मेल, टॅलीचा डेटा फोल्डर, वाय-फायचा पासवर्ड. प्रती दोन करा. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी भावाकडे किंवा मुलीकडे, म्हणजे दुसऱ्या घरात.

मशीनची तयारी

मशीनमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, टाका. 2013-14 चा लॅपटॉपही त्यानंतर ओळखू येत नाही. सिस्टिम बदलून जेवढा फरक पडतो त्याहून जास्त यानेच पडतो, हे माझं ठाम मत आहे. जुनी डिस्क तशीच काढून कपाटात ठेवली तर तोच सगळ्यात भक्कम बॅकअप. एसएसडी टाकायला मशीन उघडलंच आहे तर पंखा साफ करा. ज्यांचं घर यंत्रमागाजवळ आहे त्यांच्या पंख्यात कापसाच्या बारीक तंतूंची चादरच जमलेली असते. एप्रिल-मेमध्ये सोलापूर बेचाळीस अंशांवर जातं तेव्हा अशी मशीनं काम मध्येच टाकून बंद पडतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने गरगरा फिरू देऊ नका.

कुठलं लिनक्स

लिनक्सचे शेकडो प्रकार आहेत. नवख्या माणसाने निवडीत वेळ घालवू नये. लिनक्स मिंट घ्या. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, म्हणजे विंडोजवर बसलेला हात तसाच चालतो. मिंट 22 ही मालिका उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम चार जीबी किंवा जास्त असेल तर मिंटची सिनॅमन आवृत्ती, त्याहून कमी असेल तर हलकी एक्सएफसीई.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाईल उतरवा, तिच्यात अख्खं मिंट असतं. जवळपास तीन जीबी आहे. उतरल्यावर ती अख्खी आली का हे तपासायचं असतं. त्यासाठी विंडोजवर सेव्हन-झिप बसवा, फाईलीवर राईट क्लिक करून एसएचए-256, म्हणजे फाईलीचा ठसा, काढा. चौसष्ट अक्षरांची ओळ येईल. ती संकेतस्थळावरच्या ओळीशी जुळली पाहिजे. एक अक्षर जरी वेगळं असेल तर पुन्हा उतरवा. आठ जीबीच्या पेन ड्राईव्हवर ही फाईल रूफस नावाच्या प्रोग्रॅमने चढवा. पेन ड्राईव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या.

न बसवता चालवून पाहा

पेन ड्राईव्ह लावून मशीन सुरू करताना बूट मेनूचं, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीचं, बटण टॅप करत राहा. डेल, लेनोवो, एसरवर बहुधा एफ12, एचपीवर एस्केप किंवा एफ9, असूसवर एस्केप किंवा एफ8. पेन ड्राईव्ह निवडला की मिंट थेट त्यावरूनच चालू होतं. डिस्कला काही होत नाही. पेन ड्राईव्हवरून ते जरा संथ चालतं, त्यावरून मत बनवू नका.

इथे दोन दिवस काढा. वाय-फाय जोडा, गाणं लावा, कॅमेरा बघा, लॅपटॉप मिटून उघडा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करा, एक पान छापा. वाय-फाय दिसलं नाही तर घाबरू नका. मोबाईल यूएसबी केबलने जोडा, टेदरिंग (मोबाईलचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा, इंटरनेट लगेच येतं, आणि मग ड्रायव्हर मॅनेजर हवा तो ड्रायव्हर शोधून देतो. प्रिंटरचं मात्र इथेच ठरवून घ्या. नेटवर्कवरचे नवे प्रिंटर बहुतेक आपोआप सापडतात. आमच्या ऑफिसातल्या एका जुन्या लेझर प्रिंटरशी मी दोन दिवस झगडलो, तो शेवटपर्यंत बधला नाही. तो विंडोजच्या मशीनलाच ठेवला.

बसवण्याची दुपार

दुपार म्हणालो, पण सकाळीच बसा. ऊन कमी आणि लाईट जायची धास्तीही कमी. लॅपटॉपला चार्जर, डेस्कटॉपला यूपीएस. डिस्कची विभागणी चालू असताना लाईट गेली तर नुकसान होतं.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचे असतील तर विंडोजमध्ये तीन कामं आधी करा. बिटलॉकर किंवा डिव्हाईस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का पाहा. असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की (किल्ली) मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहून कागदावर लिहा आणि ते बंद करा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शनमधून फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सला त्या ड्राईव्हवर लिहिता येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राईव्ह आवळून पन्नास ते शंभर जीबी मोकळी जागा करा.

मग पेन ड्राईव्हवरून मिंट सुरू करून डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर दोनदा क्लिक करा. प्रश्न मोजकेच येतात. मेनूची भाषा सुरुवातीला इंग्रजी ठेवा, कारण अडलं तर मदत त्याच शब्दांत सापडते. मराठी टाइप करण्याशी त्याचा संबंध नाही. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा, गाणी-सिनेमे चालायला ते लागतात. मग येतो तो एकच महत्त्वाचा पडदा: विंडोजच्या शेजारी बसवायचं की पूर्ण डिस्क पुसायची. इथे थांबा, घरात कोणी असेल तर त्याला बोलवा, दोघांनी वाचा. पुढे वेळेच्या नकाशावर कोलकाता निवडा, नाव आणि पासवर्ड घाला. हा पासवर्ड प्रत्येक नवं सॉफ्टवेअर बसवताना लागतो, तेव्हा वहीत लिहून ठेवा. एसएसडीवर अर्ध्या तासाच्या आत सगळं होतं.

पहिला दिवस

स्वागताच्या खिडकीत क्रम दिलेलाच आहे. पहिल्यांदा टाइमशिफ्ट लावा. सिस्टिम बिघडली तर कालच्या स्थितीला नेणारी ही सोय आहे. ती तुमच्या फाईलींचा बॅकअप घेत नाही, तो वेगळा घ्यायचा. मग अपडेट मॅनेजर चालवा. नवं सॉफ्टवेअर हवं असेल तर गुगलवर शोधून उतरवायची सवय सोडा आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. विंडोजमध्ये निम्मे व्हायरस त्याच सवयीतून येतात असं मला वाटतं. लिबरऑफिसमध्ये फाईल दुसऱ्याला पाठवायची असेल तर सेव्ह करताना वर्डचा डॉक्सएक्स प्रकार निवडा.

मराठी, तेलुगू, कन्नड

कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटच्या टॅबवर जा, अधिकच्या खुणेवर क्लिक करा आणि भारताच्या यादीतून मराठी निवडा. हा इनस्क्रिप्ट, भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. एकदा शिकलात की विंडोज, लिनक्स, मोबाईल, सगळीकडे तोच. ‘के’चं बटण ‘क’ देतं आणि डावीकडचं ‘डी’ हलंत देतं, तेवढं कळलं की जोडाक्षरं सुटतात. ज्यांना इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायची सवय आहे त्यांनी इनपुट मेथडच्या खिडकीतून आयबस ही टाइप करण्याची सोय बसवून फोनेटिक (उच्चाराप्रमाणे) घ्यावं. लगेच जमतं. पण रोज पान-दोन पानं लिहीत असाल तर पंधरा दिवस काढून इनस्क्रिप्टच शिका. छापील कामासाठी मुक्त हा फॉन्ट बघा, लांबलचक मजकुरातही डोळ्यांना ताण देत नाही.

आणि आपलं गाव एका भाषेचं नाही. आमच्या शेजारच्या अक्का घरात तेलुगू बोलतात, बाजारात मराठी, आणि त्यांच्या सूनबाई विजयपूरच्या, माहेरी कन्नड. लेआउटच्या यादीत साधारण चार भाषा एका वेळी राहतात: इंग्रजी, मराठी, तेलुगू, कन्नड. सोलापूरकराला नेमक्या चारच लागतात. भाषा बदलायला त्याच टॅबमधल्या पर्यायांतून ऑल्ट आणि शिफ्टची जोडी ठरवून द्या. घड्याळाशेजारी चालू भाषेची खूण दिसते, तिच्यावर क्लिक करूनही बदलता येतं. अक्कांसाठी मी कीबोर्डवर तेलुगू स्टिकर लावले. पंधरा मिनिटांत त्यांनी बहिणीला पहिला मेल स्वतः टाइप केला. तोवर त्या मला सांगायच्या आणि मी मराठीत लिहायचो.

विंडोजचा भाग ठेवला असेल तर तो दोन महिने तसाच राहू द्या. एक कागद कीबोर्डखाली ठेवा आणि विंडोजमध्ये परत जावं लागलं की दर वेळी तारीख आणि कारण लिहा. माझ्या कागदावर तीन नोंदी झाल्या: दोन प्रिंटरच्या, एक जुन्या श्रीलिपी फाईलीची. ती फाईल मी त्याच दिवशी पीडीएफ केली.